लॅव्हेंडरची छाटणी : कधी करायची, कशी करायची आणि कुठे थांबायचं

इंग्लंडमध्ये पहिलं घर घेतलं तेव्हा दारापासून फाटकापर्यंतच्या वाटेला लागून लॅव्हेंडरची पाच झाडं आधीपासूनच होती, आधीच्या मालकांनी लावलेली. जुलैमध्ये ताबा मिळाला तेव्हा पाचही जांभळी झालेली आणि मधमाश्यांची गुणगुण इतकी की खिडकी उघडी ठेवली तर आत स्वयंपाकघरात ऐकू यायची. पुढे ऑक्टोबर आला, झाडं वाळक्या काड्यांनी भरली, वाटेवर आडवी पडायला लागली, म्हणून मी सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घेतलं आणि साताऱ्याला आई मोगरा छाटते अगदी तशीच छाटणी केली, म्हणजे जमिनीपासून वीतभर ठेवायचं आणि बाकी सगळं उडवायचं. मोगरा असा छाटला की दोन-तीन महिन्यांत कळ्यांनी लगडतो हे लहानपणापासून बघितलेलं, त्यामुळे मनात शंकाच आली नाही. एप्रिल आला, मे आला, तरी त्या तपकिरी खुंटांवर हिरवा ठिपका नाही. पाचातली चार मेली. पाचवं वाचलं कारण त्याच्या एका बाजूच्या फांद्यांवर थोडी पानं राहिली होती.

शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक बाई राहायच्या, त्यांनी येऊन नखानं साल खरवडून दाखवली, आत सगळं कोरडं. आणि म्हणाल्या, लॅव्हेंडर जुन्या लाकडातून परत फुटत नाही. या लेखात मला सांगायचं आहे ते मुळात एवढंच आहे, बाकीचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आपल्यातले बरेच जण इकडे आल्यावर पहिल्यांदाच बागवाल्या घरात राहतात आणि आपला हात बसलेला असतो गुलाब, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता यांच्यावर. ही झाडं कितीही खाली छाटा, सालीखाली झोपलेले डोळे असतात, ते जागे होतात आणि धुमारे येतात. लॅव्हेंडरच्या जुन्या लाकडात असे जिवंत डोळे जवळजवळ नसतातच. म्हणून आपला अनुभवच आपल्याला इथे दगा देतो. तुमची चार झाडं वाचावीत म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. तारखा दक्षिण इंग्लंडच्या आहेत, बाकीच्या ठिकाणांचं पुढे वेगळं दिलंय.

आधी सामान जमवा

- बायपास प्रकारचं सिकेटर, म्हणजे ज्याची पाती कात्रीसारखी एकमेकांना घासून जातात ते. दुसरा प्रकार मिळतो ज्यात एकच पातं सपाट पट्टीवर येऊन दाबलं जातं, तो वाळकं लाकूड कापायला ठीक आहे पण लॅव्हेंडरची कोवळी काडी त्यात चेचली जाते.
- पाच-सहापेक्षा जास्त झाडं असतील किंवा लॅव्हेंडरचं कुंपणच असेल तर हेज शिअर्स, म्हणजे दोन हातांनी चालवायची मोठी कात्री.
- सर्जिकल स्पिरिट आणि एक फडकं. आदल्या दिवशी रोगट गुलाब कापलेलं सिकेटर तसंच लॅव्हेंडरला लावू नका, पुसून घ्या. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पण पुसलं तर उत्तम.
- हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. काटे नसतात, पण मधमाश्या असतात.
- एक जुनी चादर. झाडाखाली पसरली की सगळा पसारा उचलून थेट गार्डन वेस्टच्या बिनमध्ये टाकता येतो. ही बिन बऱ्याच कौन्सिल, म्हणजे इथल्या नगरपालिका, वर्षाचे पैसे घेऊन देतात, तुमच्याकडे नसेल तर छाटणीच्या आधी तेवढं बघून घ्या, कारण पाच झाडांचा ढीग वाटतो त्यापेक्षा मोठा होतो.
- कटिंग, म्हणजे फांदीच्या तुकड्यापासून नवी रोपं, लावायची असतील (लावाच, खाली सांगते) तर दोन-तीन छोट्या कुंड्या, साधं कंपोस्ट आणि बारीक खडी, जी गार्डन सेंटरमध्ये ग्रिट म्हणून मिळते.

१. तुमच्याकडचं लॅव्हेंडर कुठलं आहे ते ओळखा

ही पायरी लोक गाळतात आणि मग भलत्याच महिन्यात कात्री लावतात. घरच्या बागेत साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिलं, इंग्लिश लॅव्हेंडर. नाव इंग्लिश असलं तरी मूळचं भूमध्य समुद्राकडच्या डोंगरांतलं, दगडाळ, कोरड्या जमिनीतलं. पानं अरुंद, करडी-हिरवी, फुलांचा तुरा छोटा आणि गच्च. हिडकोट आणि मनस्टेड या दोन जाती सगळ्यात जास्त विकल्या जातात. हिडकोट हे नाव ग्लॉस्टरशरमधल्या हिडकोट मॅनरच्या बागेवरून आलं, ती बाग लॉरेन्स जॉन्स्टन यांनी उभी केली, आणि मनस्टेड हे सरेमधल्या मनस्टेड वुडवरून, ते बागरचनाकार गर्ट्रूड जीकल यांचं घर. दोन्ही झाडं गुडघ्याएवढी, हिडकोटचा रंग जास्त गडद. थंडीला ही घाबरत नाहीत.

दुसरं, लॅव्हँडिन. इंग्लिश लॅव्हेंडर आणि रुंद पानांचं लॅव्हेंडर यांचा संकर. झाड मोठं, कमरेपर्यंत येऊ शकतं, दांडे लांबच लांब, आणि फुलांना वासात कापरासारखी एक छटा असते. ग्रोसो ही यातली प्रसिद्ध जात, दक्षिण फ्रान्समधली जांभळी शेतं बहुतेक याचीच. हे इंग्लिशपेक्षा दोन-तीन आठवडे उशिरा फुलतं. बी धरत नाही, म्हणून रोपं फक्त फांदीपासूनच करता येतात.

तिसरं, फ्रेंच लॅव्हेंडर, काही जण स्पॅनिश म्हणतात. हे ओळखायला सगळ्यात सोपं, फुलाच्या टोकावर सशाचे कान उभे असावेत तशा दोन-चार पाकळ्या असतात. मे महिन्यातच फुलायला लागतं, त्यामुळे गार्डन सेंटरमध्ये सगळ्यात आधी आपल्या नजरेत हेच भरतं आणि आपण घेऊन येतो. पण थंडी फार सोसत नाही, ओली थंडी तर अजिबात नाही, आणि आयुष्यही कमी, साधारण पाच वर्षं. इंग्लिश नीट छाटलं तर दहा-पंधरा वर्षं सहज टिकतं.

रोपाचं लेबल हरवलं असेल तर एक उन्हाळा नुसतं निरीक्षण करा, कधी फुलतं आणि फूल कसं दिसतं ते लिहून ठेवा, फोटो काढा.

२. दिवस ठरवा, आणि तो झाडावरून ठरवा

इंग्लिश लॅव्हेंडर जूनच्या शेवटी फुलायला लागतं, जुलैभर बहर असतो आणि ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात रंग उतरतो. छाटणी तेव्हा, म्हणजे साधारण ऑगस्टच्या मध्यावर. लॅव्हँडिनची ऑगस्टच्या शेवटी, फार तर सप्टेंबरचा पहिला आठवडा. फ्रेंचचं वेगळं, त्याची पहिली फुलं सुकली की फुलं तेवढी कापायची, मग ते परत फुलतं, असं उन्हाळाभर चालू ठेवायचं आणि शेवटचा हलका हात ऑगस्टअखेर फिरवायचा.

कॅलेंडरपेक्षा तुऱ्याकडे बघा. चारातली तीन फुलं करडी झाली आणि मधमाश्या विरळ झाल्या की वेळ झाली. दोन-चार तुरे अजून जांभळे आहेत म्हणून महिनाभर थांबू नका, कारण छाटल्यावर झाडाला नवी पानं काढायला आणि ती पानं निबर व्हायला किमान पाच-सहा आठवडे मिळायला हवेत, त्यानंतरच थंडी पडली तर चालते. लंडनच्या आसपास पहिलं खरं दव गोठतं ते ऑक्टोबरच्या शेवटी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला. त्यावरून उलटं मोजलं तर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कात्री आत ठेवून द्यायला हवी.

मी ऑक्टोबरमध्ये छाटलं होतं, म्हणजे चूक दुहेरी होती, लाकूडही कापलं आणि वेळही टळलेली. तुमचा ऑगस्ट हुकला असेल, भारतात गेला होतात, पाहुणे होते, काहीही, तर ऑक्टोबरमध्ये भरपाई करायला जाऊ नका. वाळके तुरे तसेच राहू द्या, हिवाळ्यात पक्षी त्यातलं बी खातात, आणि एप्रिलची वाट बघा.

३. हिरवं कुठे संपतं ते शोधा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, कात्री हातात घेण्याआधी पाच मिनिटं खाली बसून फक्त बघा.

एक फांदी बोटांत धरा आणि वरून खाली या. सगळ्यात वर फुलाचा दांडा, लांब, चौकोनी, त्याला पानं जवळजवळ नाहीत. चौकोनी दांडा ओळखीचा वाटेल, कारण लॅव्हेंडर हे तुळस, पुदिना, सब्जा यांच्याच कुळातलं आहे. त्याखाली पानांचा भाग, करडा-हिरवा, लवचीक, ही या वर्षीची वाढ. आणि त्याखाली तपकिरी, सालीचं, उघडं लाकूड, ज्यावर एकही पान नाही. आपल्याला कापायचंय ते मधल्या भागात. वरचा दांडा पूर्ण जाणार, मधल्या हिरव्यातला थोडा जाणार, आणि लाकडाला हातसुद्धा लावायचा नाही.

किती थोडा? पहिल्यांदाच करत असाल तर दांड्याच्या खालचा एक इंच हिरवा भाग, म्हणजे अडीच सेंटिमीटर. एवढं कापून आतापर्यंत कुणाचं झाड मेलेलं मी पाहिलं नाही. झाड जोमदार असेल आणि हिरवा भाग वीतभर असेल तर अर्ध्यापर्यंत जाता येतं. पण प्रत्येक फांदीवर लाकडाच्या वर किमान दोन इंच पानं राहायलाच हवीत, दोन-तीन जोड्या तरी. हिरव्या भागात नीट बघितलं तर पानांच्या बेचक्यात बारीक बारीक पानांचे झुबके दिसतात, पुढच्या वर्षीच्या फांद्या त्यातूनच येणार. कात्री त्या झुबक्याच्या अगदी वर.

मग कुणी विचारेल की एवढाच धोका असेल तर छाटायचंच कशाला. तर तुळशीचं आठवा. मंजिऱ्या खुडल्या नाहीत तर तुळस बी धरते, खालून लाकडी होते, पानं वर टोकाला राहतात आणि एक दिवस वाळते. लॅव्हेंडरचंही तसंच. न छाटलेलं झाड दर वर्षी टोकाला वाढत जातं, हिरवं वर वर सरकतं, खाली उघडं लाकूड वाढतं, आणि चार-पाच वर्षांत मध्ये भगदाड पडून फांद्या चारी बाजूंना लोळतात. तेव्हा कापावं म्हटलं तर कापायला हिरवं जवळ नसतंच. दर वर्षीची छोटी छाटणी ही त्या हिरव्याला खाली धरून ठेवण्यासाठी असते.

४. आता कापा

कोरडा दिवस निवडा. पावसानंतर लगेच नको, ओल्या जखमांना बुरशी लागते. मधमाश्यांसाठी संध्याकाळ बरी, पण तेव्हाही एकदा झाड हलकेच हलवून बघा, बंबलबी म्हणजे त्या केसाळ जाड माश्या कधी कधी तुऱ्याला धरूनच झोपलेल्या असतात. घरात कुणाला मधमाशीच्या डंखाची अ‍ॅलर्जी असेल तर त्या व्यक्तीला या कामाला लावू नका.

दांड्यांची एक मूठ पकडा, केसांची वेणी घालताना पेड धरतो तशी, आणि मुठीच्या खाली जिथे पानं सुरू होतात त्याच्या इंचभर खाली कापा. मग दुसरी मूठ. एका बाजूने सुरू करून गोल फिरा. सगळे दांडे निघाले की दोन पावलं मागे या आणि आकार बघा.

आकार कसा हवा, तर भाताची मूद पाडतो ना, तसा. मध्ये जरा उंच, कडेला उतरता, सगळीकडून गोल. वरून सपाट टेबलासारखं कापलं की बाजूच्या फांद्या लांबत जातात, आणि बर्फ पडला की तो सपाट माथ्यावर साचून झाड मधून फाटतं. गोल माथ्यावरून बर्फ घसरतो, पाणीही थांबत नाही. बाजूंच्या खालच्या फांद्या विसरू नका, बहुतेक जण वरचं छान करतात आणि जमिनीलगतच्या फांद्या तशाच सोडतात, पुढे त्याच सगळ्यात आधी उघड्या पडतात.

वाळलेल्या, मोडलेल्या फांद्या दिसतील त्या मुळाशी काढून टाका, त्यांना हा हिरव्याचा नियम नाही, त्या मेलेल्याच आहेत. खात्री नसेल तर नखानं साल जराशी खरवडा, आत हिरवट ओलसर असेल तर जिवंत.

आणि इथे एक सापळा आहे तो नीट लक्षात ठेवा. छाटणी झाली की झाड फार नीटस दिसतं, हात चालू असतो, कात्री धारदार असते, आणि वाटतं की अजून जरा खाली घेऊया, जरा ठेंगणं करूया. तिथेच थांबा, कात्री खाली ठेवा आणि चहा करा. उंची कमी करायचं काम एका वर्षात होत नाही.

फ्रेंच लॅव्हेंडरला मात्र एवढंही करू नका. सुकलेलं फूल, त्याचा छोटा दांडा आणि फार तर खालची एक-दोन पानं, बस. त्याला खोल कापलेलं सोसत नाही.

५. नवीन लावलेलं रोप असेल तर

पहिल्या उन्हाळ्यात रोप छोटं असताना शेंडे चिमटीनं खुडा, म्हणजे बाजूला फांद्या फुटतात. फुलं आली तर ती सुकल्यावर लगेच कापा. मूद पहिल्याच वर्षी पाडायला सुरुवात केली तर पुढे काहीच अवघड जात नाही, सगळा त्रास उशिरा सुरू करणाऱ्यांना होतो.

६. जुनं, पाय उघडे पडलेलं झाड मिळालं असेल तर

घराबरोबर असंच झाड मिळतं बहुतेकांना. सगळ्यात आधी गुडघ्यावर बसून खाली बुंध्याजवळ बघा. लाकडावर कुठे बारीक, करड्या-हिरव्या पानांचे ठिपके फुटलेले दिसतात का?

दिसत असतील तर आशा आहे. एप्रिलमध्ये एकूण फांद्यांतल्या एक तृतीयांश फांद्या निवडा, त्या त्या ठिपक्यांच्या थोडं वरपर्यंत आणा, बाकीच्यांना नेहमीसारखं हलकं छाटा. त्या फुटल्या, भरल्या, की पुढच्या वर्षी दुसऱ्या तृतीयांश. असं तीन वर्षांत झाड खाली येतं. सगळं एकदम केलंत तर माझ्यासारखं होईल.

ठिपके नसतील तर ते झाड खालून परत भरणार नाही, हे मान्य करून दुसरे दोन मार्ग धरा. एक म्हणजे दाबकलम. वसंतात एखादी लवचीक खालची फांदी जमिनीकडे वाकवा, मधल्या भागाची पानं काढा, तो भाग खडी मिसळलेल्या मातीत दाबा, वर दगड किंवा तारेचा आकडा ठेवा, शेंडा बाहेर. शरदापर्यंत मुळं धरतात, मग मूळ झाडापासून कापून वेगळं करायचं. दुसरा मार्ग छाटकलम, म्हणजेच कटिंग, तो खाली. मूळ झाड तोवर फुलत राहू द्या, मधमाश्यांना त्याच्या उघड्या पायांशी काही देणंघेणं नाही, आणि नवं तयार झालं की मग जुनं काढा.

७. त्याच दिवशी कटिंग लावून टाका

ऑगस्टमध्ये छाटताना हातात आयतंच सगळं असतं, म्हणून मी हे काम कधीही पुढच्या रविवारवर टाकत नाही. फूल न आलेली, या वर्षीची फांदी घ्या, आठ ते दहा सेंटिमीटर. कापण्याऐवजी मुख्य फांदीपासून हलकेच खाली ओढून काढली तर खाली सालीची एक छोटी शेपटी येते, तिच्यासकट लावली की मुळं लवकर धरतात. खालच्या अर्ध्या भागाची पानं काढा. कंपोस्ट आणि ग्रिट अर्धं अर्धं मिसळून कुंडी भरा आणि कडेकडेनं चार-पाच काड्या खोचा, मध्यापेक्षा कडेला पाण्याचा निचरा चांगला होतो. एकदा पाणी द्या, वर प्लॅस्टिकची पिशवी घाला, पण आठवड्यातून दोन-तीनदा ती काढून हवा द्या. आपल्याकडे कटिंगला दमट हवा जितकी तितकी चांगली असं आपण धरून चालतो, इथे पानं करडी आणि लवदार असल्यामुळे ती दमटपणात कुजतात. चार-सहा आठवड्यांत मुळं येतात. पिशवी काढून टाका, हिवाळाभर थंड पण उजेडाच्या जागी ठेवा, पाणी अगदी बेताचं, आणि वसंतात जमिनीत.

माझी आत्ताची वाटेकडेची सगळी झाडं त्या वाचलेल्या पाचव्या झाडाची आहेत.

८. छाटणीनंतर काय करायचं आणि मुख्यतः काय नाही करायचं

खत घालू नका. आपल्या मनात छाटणी आणि शेणखत ही जोडी पक्की आहे, गुलाब छाटला की आळं करून खत दिलंच पाहिजे. लॅव्हेंडरला खत दिलं की ते लुसलुशीत, लांबलचक वाढतं, फुलं कमी येतात आणि ती कोवळी वाढ पहिल्या थंडीत काळी पडते. बुंध्याभोवती कंपोस्टचा थर पण नको, खडी पसरा, ती कोरडी राहते आणि ऊन धरून ठेवते.

जमिनीतल्या झाडाला पाणी द्यायची गरज नसते, फारच कोरडा ऑगस्ट असेल तर एकदा. कुंडीतल्याला वरची माती सुकली की द्या. खरा शत्रू हिवाळ्यातलं साचलेलं पाणी आहे. लंडनची चिकणमाती पाणी धरून ठेवते, त्यामुळे लोकांना वाटतं झाड थंडीनं मेलं, खरं तर मुळं कुजलेली असतात. नवीन लावताना जमीन थोडी उंच करून, ग्रिट मिसळून लावा, आणि दिवसाला किमान सहा तास ऊन असेल तिथेच. कुंडी असेल तर खाली विटेचे तुकडे ठेवून जमिनीपासून उचला.

दोन-तीन आठवड्यांत कापल्या जागेखाली नवी करडी पानं दिसायला लागतात. याच सुमारास हिरव्या धातूसारखे चमकणारे, जांभळ्या रेघांचे छोटे किडे दिसले तर ते रोझमेरी बीटल, दिसायला फार सुंदर असतात पण पानं खातात. औषध मारू नका, मधमाश्यांचं झाड आहे. खाली कागद धरून झाड झटका आणि पडलेले गोळा करा. मे-जूनमध्ये फांद्यांवर थुंकीसारखा फेस दिसतो, त्यात एक छोटा कीटक असतो, त्यानं झाडाचं फार काही बिघडत नाही, बघवत नसेल तर पाण्यानं धुऊन टाका.

९. एप्रिलचा हलका हात

हिवाळा संपून नवी पानं फुटायला लागली की एकदा फिरून बघा. थंडीनं करपलेले शेंडे, मोडलेल्या फांद्या काढा, मूद वाकडी झाली असेल तर सरळ करा. ज्यांचा ऑगस्ट हुकला त्यांनी वाळके दांडे आता काढायचे, नियम तोच, हिरव्याच्या आत. फुलं थोडी उशिरा येतील एवढंच. मार्चमध्ये एखादा उबदार आठवडा येतो आणि हात शिवशिवतात, पण त्यानंतर परत थंडी पडते, म्हणून फुटवा नक्की दिसेपर्यंत थांबा.

तुम्ही दुसरीकडे राहत असाल तर

स्कॉटलंड किंवा उत्तरेकडे थंडी लवकर येते, तिथे ऑगस्टमध्ये फक्त फुलांचे दांडे काढा आणि हिरव्यातली छाटणी एप्रिल-मेमध्ये करा. टोरंटो, शिकागोसारख्या कडक हिवाळ्याच्या ठिकाणीही हेच. मेलबर्नला ऋतू उलटे, तिथे फुलं डिसेंबर-जानेवारीत, म्हणून छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये.

पुण्या-मुंबईचं वेगळं सांगायला हवं. भारतात लॅव्हेंडर खऱ्या अर्थानं रमलंय ते जम्मूकडच्या भद्रवाह भागात, डोडा जिल्ह्यात, जिथे शेतकऱ्यांनी मक्याऐवजी ते लावलं आणि सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या अरोमा मिशन या सुगंधी पिकांच्या योजनेमुळे त्याला जांभळी क्रांती असं नाव पडलं. तिथे थंड डोंगराळ हवा आहे. पुण्यात इंग्लिश लॅव्हेंडर मन लावून वाढत नाही, त्यातल्या त्यात दातेरी पानांचं लॅव्हेंडर कुंडीत तग धरतं. त्याचे शेंडे मेमध्ये, पावसाळ्याच्या आधी, हलके कापा म्हणजे आत हवा खेळते, आणि पावसाळाभर कुंडी वळचणीखाली ठेवा. जोरदार पावसात भिजलेली दाट फांदी चार दिवसांत काळी पडते.

वाळवण्यासाठी फुलं हवी असतील तर

ऑगस्टमध्ये छाटलेल्या काड्यांना वास असतो पण उतरलेला. वाळवायला हवी असतील तर जुलैमध्येच, तुऱ्यातली साधारण अर्धी फुलं उमललेली असताना, सकाळी दव सुकल्यावर कापा. सगळं झाड लुटू नका, मधमाश्यांसाठी अर्धं ठेवा. मुठीएवढी जुडी करून रबरबँड लावा, दोरा नको, कारण वाळल्यावर दांडे आकसतात आणि दोऱ्यातून गळून पडतात. अंधाऱ्या, हवेशीर जागी उलटी टांगा, दोन ते चार आठवडे. मग खाली ताट धरून फुलं चोळून काढा आणि सुती कापडाच्या पोटल्या बांधा. आई इकडून नेलेल्या पोटल्या डांबरगोळ्यांच्या जागी पैठणीच्या कपाटात ठेवते. वास कमी झाला की पोटली हातात चुरगळायची, परत येतो, वर्षभर तरी पुरतो.